बुंदीचे तीन रिपोर्ट

बुंदीच्या लघवीत शुक्राणू होते.

मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, काच पुसली, पुन्हा डोळा लावला. एखाददुसरा नव्हे, चांगले डझनभर होते. बारीक डोकं आणि मागे त्याहून बारीक शेपूट. बुंदी ही शिराळकरांची कुत्री. वय वर्षं नऊ, वजन नऊ किलो आणि गर्भाशय काढून सात वर्षं झालेली. तिच्या लघवीत हे सापडायचं काही कारणच नव्हतं. नराच्या लघवीत ते सापडतात, आणि तिथं ते इतके नेहमीचे असतात की कुणी त्यांच्याकडे लक्षही देत नाही.

"मुजावरमामा, इकडे या," मी हाक मारली. "शिराळकरकाकांनी भलत्याचीच लघवी आणून दिलीय."

ही गोष्ट कऱ्हाडची, दोन हजार आठ सालची. मला पदवी मिळून पाच महिने झाले होते आणि मी डॉ. सबनीसांच्या जनावरांच्या दवाखान्यात उमेदवारी करत होते. नीट तपासलं की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, अशी त्या वेळी माझी ठाम समजूत होती. सबनीससर त्यावर कधी काही बोलले नाहीत, पण मायक्रोस्कोपचं काम त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे देऊन टाकलं, रडक्या मुलाच्या हातात खुळखुळा द्यावा तसं. त्या दिवशी ते भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले होते. दवाखान्यात मी होते आणि मदतनीस म्हणून तीस वर्षं तिथं काढलेले मुजावरमामा होते.

जनावराची लघवी तपासायला आणा म्हटलं की लोक आधी लाजतात, मग हसतात आणि मग विचारतात, आणायची कशी? ते शिकवायचं काम मामांचं. कुत्री खाली बसते, तेव्हा तिच्याखाली उथळ ताटली सरकवायची, पण ती बसल्यावर. आधी सरकवली तर ती उठते आणि मग दिवसभर तुमच्यावर संशय घेते. कुत्रा तंगडी वर करतो, त्याच्यासाठी काठीला ओगराळं बांधायचं. मांजर असेल तर त्याच्या ट्रेमधली माती काढून माशांच्या पेटीतले धुतलेले खडे भरायचे, म्हणजे लघवी खाली साठते. पहिली धार सोडायची, मधली धरायची. बाटली औषधाची चालेल, मुरंब्याची नको, नाहीतर धडधाकट कुत्र्याला आम्ही मधुमेह ठरवून मोकळे होऊ. आणि धरल्यापासून दोन तासांच्या आत आणायची. मामा हे सगळं स्वतः वाकून, प्रात्यक्षिकासह सांगायचे, आणि बाकावर बसलेली माणसं तोंडाला रुमाल लावायची.

शिराळकरकाका हे मामांचे सर्वांत हुशार विद्यार्थी. दिगंबर शिराळकर वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मुख्य पेठेतले दुकानदार अजूनही त्यांना पाहिलं की नकळत तराजूचं पारडं पुसायचे. 'अंदाजे' हा शब्द ते कधी वापरायचे नाहीत. बुंदीला आदल्या वर्षी मूतखडा झाला होता. सरांनी ऑपरेशन करून तो काढला, आणि पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी लघवी तपासायची असं ठरलं. तेव्हापासून काका ठरल्या दिवशी सकाळी आठला बाटली घेऊन हजर. बाटलीवर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी असायची: 'बुंदी. तारीख अमुक. सकाळी ६.१०. ४५ मि.लि.' बुंदीला मात्र सोबत आणत नसत. तिचा पाठीचा मणका दुखावलेला होता. आमच्या दवाखान्याची एक पायरीसुद्धा तिला चढता यायची नाही, आणावीच लागली तर मामा तिला उचलून टेबलावर ठेवायचे.

कुत्री तशी काकूंची. कमलिनीकाकूंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली होती. गेल्या महिन्यात पुण्याला त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आणि त्या तिथंच बहिणीकडे विश्रांतीला राहिल्या होत्या. काका दोन आठवडे त्यांच्याजवळ होते. मग काकूंनीच त्यांना परत पाठवलं. बुंदी एकटी पडली असेल, शेजारी किती दिवस बघतील, आणि नमुन्याची तारीख चुकवू नका, असं म्हणून. डॉक्टरांनी काकूंना जपायला सांगितलं होतं. दगदग नको, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, हे काकांनी आम्हाला दोनदा सांगितलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याला माझ्याकडे काही सबब नाही.

मामा येऊन मायक्रोस्कोपमध्ये बघत होते तेवढ्यात फोन वाजला. काकूच होत्या.

"बुंदीचा नमुना आज दिला असेल ह्यांनी," त्या म्हणाल्या. "काय म्हणतोय?"

आवाज बारीक झाला होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट. मी मोठ्या उत्साहात होते. काकू, गंमतच झाली, असं म्हणून मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. मला काय दिसलं, ते कुत्रीत का असू शकत नाही, आणि काकांनी कुठल्यातरी कुत्र्याची लघवी कशी आणली आहे. बुंदीनं दाद दिली नसेल म्हणून काकांनी कामचलाऊ केलं असेल, असंही वर जोडलं. काकू हसतील असं मला वाटलं होतं.

"बाटलीवर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "चार फेब्रुवारी. सकाळी सहा वीस. अकरा मिलिलिटर."

"नाव?"

मी बाटली फिरवली. "नाव नाहीये."

"पुन्हा बघा."

"नाहीये काकू. विसरले असतील."

"ते विसरत नाहीत," काकू म्हणाल्या. मग, "म्हणजे बुंदी गेली."

मी काहीतरी बोलायला लागले. काय ते मलाही आठवत नाही.

"मी ठेवते आता," त्या म्हणाल्या. "मला रडायचंय, आणि छातीला टाके आहेत."

फोन बंद झाला. मामांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यांना काय ते कळलं. ते मला रागावतील असं वाटलं, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुमी खोटं काय बोलला न्हाई," ते म्हणाले. "पर त्या बाईंचा जीव आत्ता कुटं टाक्यांवर हाय."

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. काकूंना पुन्हा फोन करायची हिंमत नव्हती. काकांना करावा तर त्यांना काय सांगणार? कुणी मांजराला लस टोचायला आणलं, कुणाच्या शेळीचा पाय मुरगळला होता, ते सगळं मी केलं. पण कान फोनकडे होते. पुण्याहून काहीतरी वाईट कळणार आणि ते माझ्यामुळे असणार, एवढंच डोक्यात होतं. डबा मी उघडलाच नाही.

दुपारी हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी तीच काच पुन्हा बघायला घेतली. सकाळी शुक्राणू दिसल्याच्या आनंदात मी बाकी काही पाहिलंच नव्हतं. आता शांतपणे पाहिलं तर काचभर पू आणि मधेमधे रक्ताच्या पेशी होत्या. तो कुत्रा कोण होता देव जाणे, पण आजारी होता. एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

पाच वाजता फोन आला.

"घाबरला होता ना?" काकूंनी विचारलं. आवाज बसलेला होता, पण त्यात थरथर नव्हती. मी हो म्हणाले आणि मलाच रडू आलं. त्यांनी ते होऊ दिलं. मग म्हणाल्या, "मी बरी आहे. बहिणीला सांगितलंय डोकं दुखतंय म्हणून. आता माझं एक काम करा. मला कळलंय हे ह्यांना कळू देऊ नका."

मी विचारलं, का म्हणून?

"कळलं तर पुढच्या एसटीनं इथं येतील, दारात उभे राहून सगळं एका दमात सांगतील आणि मग महिनाभर धड जेवणार नाहीत. तिकडे एकटेच आहेत ते. त्यांना सांगायचंच आहे, पण मी घरी गेल्यावर. तोवर ते नमुने आणतील. तुम्ही रिपोर्ट देत जा."

"काकू, मी खोटा रिपोर्ट कसा देऊ?"

"जे दिसेल ते खरंच लिहा. वर नाव तेवढं बुंदीचं टाका. ह्यांच्या हातून ते लिहिलं जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका रिपोर्ट घ्यायला आले. नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पण कानाजवळ दाढीचे खुंट राहून गेले होते, आणि हा माणूस तसं राहू देणारा नव्हता. मी रिपोर्टवर आदल्या रात्रीच 'बुंदी' असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते नाव वाचलं. कागद घडी करायला घेतला, पण घडी काही घातली नाही.

"काका, लघवीत पू आहे," मी म्हणाले. "थोडं रक्तही आहे."

ते दचकले. त्यांना कोरा, निर्दोष रिपोर्ट हवा होता, पुण्याला पाठवायला. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"म्हणजे आजारी आहे?"

"हो. दुखत असणार. औषध द्यावं लागेल, तीन-चार आठवडे. वजनाप्रमाणे गोळी ठरते. बुंदीचं वजन नऊ किलो ना?"

मी केस पेपरकडे बघत होते, ते भिंतीवरच्या गायीच्या तक्त्याकडे. नऊ किलोची गोळी त्या मोठ्या कुत्र्याला पुरली नसती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

"सध्या जास्त असेल," शेवटी ते म्हणाले.

"अंदाजे किती?"

"अंदाजे नको. मी मोजून सांगतो."

आणि खरंच, दुपारी चारला ते चिठ्ठी घेऊन आले. 'वजन १९.४०० कि.ग्रॅ.' त्यांनी पेठेतल्या एका किराणा दुकानातल्या पोती तोलायच्या काट्यावर तो कुत्रा चढवला होता. दुकानदार ओळखीचा होता आणि नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. नऊ किलोची कुत्री दीड महिन्यात साडेएकोणीस किलोची झाली होती, आणि आम्ही दोघं गंभीर चेहऱ्यानं त्या आकड्याकडे बघत होतो. मामा आत जाऊन उगाचच कपाट आवरायला लागले.

मी साडेएकोणीस किलोच्या गोळ्या दिल्या. चपातीत गूळ घालून त्यात लपवा, म्हणजे खाईल, असं सांगितलं. काका म्हणाले, "खाईल. त्याला—" आणि थांबले. मग म्हणाले, "खाईल."

सर नागपूरहून आल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. माझी हजेरी घेतली जाणार याची मला खात्री होती. त्यांनी रिपोर्टची नक्कल वाचली, गोळ्यांचं माप तपासलं आणि एवढंच म्हणाले, "लघवी कुणाची का असेना, रोगी खरा आहे ना? मग उपचार चालू दे." जाता जाता मात्र म्हणाले, "आणि हर्षदा, यापुढं पेशंटच्या घरी फोनवर आधी ऐकायचं, मग बोलायचं."

पंधरा दिवसांनी दुसरा नमुना आला. 'सकाळी ६.३५. ९ मि.लि.' नाव नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बुंदी एका बैठकीत वाटीभर करायची आणि हा इथं चमचाभर, तिथं चमचाभर शिंपडत जाणारा गडी होता. चिठ्ठीवरचा आकडा पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होता.

मामांनी काकांना एक-दोनदा नदीकाठी पाहिलं होतं. एका सकाळी मीही मुद्दाम त्या बाजूनं गेले. कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळच्या वाळूत धुकं होतं. काका मफलर गुंडाळून चालले होते, हातात दूधवाल्यांकडे असतं तसं लांब दांड्याचं माप, सरकारी शिक्का मारलेलं. पुढं एक मोठा काळपट कुत्रा, एक कान फाटलेला. कुत्रा दगड हुंगायचा, काका थांबायचे. तो पुढं जायचा, काका पुढं जायचे. एकदा त्यानं तंगडी वर केली आणि काका गुडघ्यावर बसून माप पुढं करेपर्यंत त्यानं विचार बदलला. काका तसेच गुडघ्यावर राहिले. कुत्रा परत आला आणि त्यांच्या मफलरचं टोक हुंगायला लागला.

"घाई नाही," काका त्याला म्हणाले. "मला कुठं जायचं नाहीये."

मी झाडामागून तशीच परत फिरले. त्या माणसाला असं लपून बघितल्याचं मला वाईट वाटलं, आणि बघितलं नसतं तरी वाईट वाटलं असतं.

तिसरा नमुना मार्चच्या मध्यावर आला. पू नाही, रक्त नाही. मी 'बुंदी' लिहिलं आणि खाली लिहिलं, 'पूर्ण बरी.' काका तिन्ही रिपोर्ट पोस्टानं पुण्याला पाठवत होते. काकूंचा दर वेळी फोन यायचा. मी वाचून दाखवायचे आणि त्या अगदी शांतपणे ऐकायच्या, पू किती कमी झाला, रक्त थांबलं का, गोळ्या अजून किती दिवस. ते कुणाचं आहे यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकू घरी आल्या, आणि चौथ्या दिवशी सकाळी आठला दोघंही दवाखान्यात आले. काकूंच्या अंगावरची साडी सैल झाली होती. काकांच्या एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीला तो फाटक्या कानाचा. त्यानं आमच्या दोन्ही पायऱ्या एका उडीत ओलांडल्या आणि थेट मामांच्या अंगावर पाय ठेवले.

"नवा पेपर काढा," काकू म्हणाल्या. "लाडू शिराळकर. नर. बुंदीनंतर लाडूच, दुसरं काय नाव ठेवणार?"

काका बसले नाहीत. त्यांना आधी बोलायचं होतं आणि ते उभ्यानंच बोलायचं होतं. बाटली टेबलावर ठेवून ते म्हणाले, "डॉक्टर, मागचे तीन नमुने बुंदीचे नव्हते. बुंदी बारा जानेवारीला गेली. हिच्या ऑपरेशनच्या दिवशी. मी पहाटे पाचची गाडी पकडायला निघालो, आणि मागाहून ती फाटकातून बाहेर गेली. वाळूचा ट्रक होता. हिला आत नेलं होतं आणि मी बाहेर बाकावर होतो, तेव्हा शेजाऱ्यांचा फोन आला." त्यांनी टेबलावरची बाटली सरळ केली. "हिला परवा सांगितलं. फार रडली. पण झेपलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन महिन्यांपूर्वी टाके सांभाळत एकदा रडून झालेलं होतं, हे काकांना आजही सांगायचं नव्हतं, एवढं मला कळलं. काकांना सांगायचं होतं, आणि काकूंनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं होतं.

"तेव्हा ते तीन रिपोर्ट चुकीच्या नावावर आहेत," काका म्हणाले. "ते दुरुस्त करून द्या. मी नाव लिहिलं नव्हतं, पण तुम्ही लिहिलंत आणि मी तुम्हाला अडवलं नाही. म्हणजे खोटी नोंद माझीच झाली."

मी रजिस्टर ओढलं. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ते माझ्याकडे आहेत आणि मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला. दर महिन्याला वाण्याकडून आलेली साखर ह्यांनी घरी पुन्हा मोजली. माझ्यासाठी ह्यांनी केलेली एवढी एकच लबाडी आहे. ती राहू दे."

काकांचे कान लाल झाले. मामा खाली बसून लाडूचा फाटका कान तपासत होते, त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं विषय संपला. पण काकांचं अजून एक राहिलं होतं, आणि मला वाटतं तेच बोलायला ते आले होते.

"फाटकाची कडी," ते म्हणाले. "मी लावली की नाही, ते मला आठवत नाही. सगळं आठवतं. कुलूप, गॅस, पाण्याचा नळ. कडी आठवत नाही. मी लावली नसेल तर तिला मी मारलं."

"काल सांगितलं ना तुम्हाला," काकू म्हणाल्या. "कडी तुम्ही लावलीच असणार. बुंदी त्या फाटकावरून उडी मारायची. तुम्ही बाजाराला गेलात की किती वेळा गेलीय. मीच तुम्हाला बोलले नव्हते, तुम्ही फाटक उंच करायला घ्याल म्हणून."

काकांनी बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी दुकानदाराचा शब्द ऐकून घेतला होता आणि मग माप स्वतः तपासलं होतं.

"डॉक्टर, तुम्ही तिला तपासलंय," ते म्हणाले. "फाटक साडेतीन फूट आहे. तिला जमत होतं तेवढं?"

बुंदीचा मणका मी माझ्या हातांनी चाचपला होता. एक पायरी चढताना ती कण्हायची. हे मला माहीत होतं, तिला उचलून टेबलावर ठेवणाऱ्या मामांना माहीत होतं, आणि काकूंना तर आम्हा दोघांपेक्षा जास्त माहीत होतं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा हात अजून माझ्या हातावर होता.

"जमत होतं," मी म्हणाले. "एकदा ह्या टेबलावरून मारली होती उडी. मामा, आठवतं ना?"

"व्हय की," मामा म्हणाले. "धरता धरता माझी कंबर गेली त्या दिशी."

काकांनी खिशाचं पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

"मग कडी लावलेली होती," ते म्हणाले.

त्याला आता सतरा वर्षं झाली. त्यानंतर मी हजारो नमुने तपासले असतील, आणि कागदावर खोटं असं पुन्हा काही लिहिलं नाही. बोलले मात्र बऱ्याचदा. त्या सकाळी काकूंनी माझ्या हातावरचा हात काढला, डोळे पुसले आणि बाटली माझ्याकडे सरकवली. वरच्या चिठ्ठीवर काकांचं स्वच्छ अक्षर होतं: 'लाडू. ८ एप्रिल. सकाळी ६.२५. १४ मि.लि.' दोन तास व्हायला आले होते, म्हणून मी लगेच तपासायला घेतली.